जेवणाच्या सुट्टीतला पियानो: वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

मागच्या अंकात या सदरात मी मुंबईतल्या काही कार्यालयांच्या लॉबीत आणि कँटीनमध्ये ठेवलेल्या पियानोचा ओझरता उल्लेख केला होता. त्यावर आलेल्या पत्रांपैकी बरीचशी वाजवणाऱ्यांची नसून ऐकणाऱ्यांची आहेत, याचा मला मनापासून आनंद झाला, आणि म्हणून या वेळचे संपूर्ण सदर त्याच विषयाला दिले आहे. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न: लोअर परळ येथील आमच्या कार्यालयाच्या कँटीनबाहेर एक अपराइट, म्हणजे उभ्या बांधणीचा, पियानो आहे. लेखा विभागातील एक सहकारी बुधवारी आणि शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत थोडा वेळ वाजवतात. आम्ही काही मैत्रिणी डबे घेऊन जवळच्याच टेबलावर बसतो. माझे कान नाट्यसंगीत आणि भावगीते यांवर वाढलेले आहेत. पाश्चात्त्य संगीतातले मला काहीच कळत नाही. ऐकायला फार आवडते, पण नेमके काय ऐकावे ते समजत नाही. शिवाय, जेवता जेवता ऐकल्याने वाजवणाऱ्याचा अपमान तर होत नाही ना? (एक वाचक, लोअर परळ)

उत्तर: अपमानाची शंका आधी दूर करते. जेवणाची वेळ आणि पियानो यांचे नाते फार प्रतिष्ठित आहे. 1939 साली दुसरे महायुद्ध सुरू झाले, तेव्हा लंडनमधील नाट्यगृहे आणि संगीतसभागृहे बंद झाली आणि नॅशनल गॅलरीतील चित्रे बॉम्बच्या भीतीने शहराबाहेर हलवण्यात आली. त्या रिकाम्या दालनांत मायरा हेस या नामवंत पियानोवादक बाईंनी दुपारच्या मैफली सुरू केल्या. सोमवार ते शुक्रवार, दुपारी एक वाजता, तिकीट एक शिलिंग. कचेऱ्यांत काम करणारी माणसे जेवणाच्या सुट्टीत तेथे येत, सँडविचही तेथेच विकत मिळत, आणि शहरावर बॉम्ब पडत असतानाही या मैफली, गरज पडल्यास तळघरात, चालूच राहिल्या. ऑक्टोबर 1939 ते एप्रिल 1946 या काळात अशा 1,698 मैफली झाल्या. तेव्हा हातात पोळीभाजी असण्याने संगीताचा मान कमी होत नाही. डब्याचे झाकण मात्र सूर मंद झालेला असताना उघडू नका. तेवढी जाणीव पुरे.

आता काय ऐकावे याविषयी. आपले कान पेटीला सरावलेले आहेत, हे या बाबतीत भांडवलच आहे, कारण पियानो आणि पेटी यांच्यातला फरक ज्याला ऐकू येऊ लागला, त्याला पियानोचे निम्मे मर्म समजले असे मी मानते. पेटीवर बोट जोरात दाबले काय किंवा हलके दाबले काय, आवाजात फरक पडत नाही. आवाज लहानमोठा होतो तो भात्यामुळे, आणि तोही एका वेळी वाजणाऱ्या सगळ्या स्वरांचा एकत्रच. पियानोत प्रत्येक पट्टीमागे नमद्याने, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लोकरीने, मढवलेली एक हातोडी असते आणि ती तारेवर आदळते. बोट जितक्या वेगाने खाली जाईल तितकी हातोडी जोरात आदळते. त्यामुळे एकाच वेळी पाच स्वर वाजत असताना वादक त्यांतला एकच स्वर पुढे आणू शकतो आणि बाकीचे चार त्याच्या मागे ठेवू शकतो. इटलीतील फ्लॉरेन्स शहरात बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी या कारागिराने 1700 च्या सुमारास ही यंत्रणा बसवलेले वाद्य घडवले, ते याच सोयीसाठी. आपले सहकारी वाजवत असताना वरची चाल कोणते बोट उचलून धरते आहे आणि तिच्याखालचे स्वर किती दबून बसले आहेत, याकडे लक्ष द्या. चांगल्या वादकाच्या हातून एकच करंगळी गात असल्यासारखी वाटते.

दुसरी गोष्ट अशी की, पियानोचा स्वर वाजला त्या क्षणापासून विरू लागतो. गळा, बासरी किंवा पेटी यांच्याप्रमाणे तो धरून ठेवता येत नाही, वाढवता तर मुळीच येत नाही. तरीही चाल सलग, एका श्वासात गायल्यासारखी ऐकू येते, कारण वादक पुढचा स्वर मागच्या स्वराच्या उरलेल्या आवाजाला जुळेल असा तोलून लावतो. हे तोलणे एकदा लक्षात आले की संथ रचना ऐकण्यात फार गोडी वाटू लागते.

तिसरी गोष्ट डाव्या हाताची. आपल्याकडे तंबोरा स्वराची जमीन देतो आणि तबला लयीची. पियानोत या दोन्ही जबाबदाऱ्या बहुधा डाव्या हातावर असतात. एखादी रचना पुन्हा वाजवली गेली तर त्या खेपेस चाल सोडून फक्त डावा हात ऐका. आणि सुरुवातीची चाल पुन्हा केव्हा परतते याची वाट पाहा. अंतरा संपून मुखडा येतो तेव्हा आपल्याला जे समाधान मिळते, त्याच जातीचे समाधान बहुतेक लहान रचनांत मिळते. फक्त येथे मुखडा परत येण्याआधी वादक बराच दूर फिरून येतो.

एक विनंती आपल्या सहकाऱ्यांना अवश्य करा: महिनाभर प्रत्येक वेळी एक ठरावीक रचना वाजवावी, बाकीचे हवे ते. नवख्या कानाला विविधतेपेक्षा पुनरावृत्तीचा अधिक उपयोग होतो. तीच रचना बुधवारी एक आणि शुक्रवारी दुसरीच भासेल, कारण वाजवणाऱ्याचा दिवस वेगळा असेल, आणि हा फरक मोबाइलवरच्या ध्वनिमुद्रणातून कधीही मिळणार नाही. रचनेचे नाव विचारायला संकोच करू नका. वाजवणाऱ्याला त्या प्रश्नाचा आनंद टाळ्यांइतकाच होतो.

प्रश्न: पवईतील आमच्या कार्यालयात मी आठवड्यातून एक-दोन वेळा जेवणाच्या सुट्टीत पियानो वाजवतो. मी रीतसर शिकलो आहे, परीक्षाही दिल्या आहेत. पण लोक बोलत राहतात, फोन घेतात, रचना अर्धी असताना उठून जातात. कधी कधी वाटते की हे बंद करावे. शांत बसण्याची विनंती करणारी पाटी लावावी का? आणि अशा ठिकाणी वाजवावे तरी काय? (एक वाचक, पवई)

उत्तर: पाटी लावू नका, आणि वाजवणे तर मुळीच बंद करू नका. आपले दुःख मला समजते. ज्याने वर्षानुवर्षे हात घासला आहे त्याला आपला सूर गप्पांत बुडताना ऐकणे जड जातेच. पण जेवणाची सुट्टी ही त्या माणसांची आहे. सकाळपासून ज्यांनी वरिष्ठांचे, ग्राहकांचे आणि दूरध्वनीचे ऐकले आहे, त्यांना आणखी काही ऐकण्याची सक्ती करणे योग्य नाही. कार्यालयातल्या पियानोविषयी माझे मत एवढेच आहे की, ज्याला ऐकायचे नाही त्याला न ऐकण्याची पूर्ण मुभा असावी आणि ज्याला ऐकायचे आहे त्याला रचना अखेरपर्यंत ऐकायला मिळावी. ही दोन्ही कामे आपल्याला साधता येतात.

एरिक साती या फ्रेंच संगीतकाराने 1920 साली पॅरिसमध्ये एक प्रयोग केला होता. नाटकाच्या मध्यंतरांत वाजवण्यासाठी त्याने मुद्दाम असे संगीत लिहिले होते, की जे कोणी ऐकू नये. ते खोलीतल्या सामानसुमानाप्रमाणे नुसते असावे. संगीत सुरू होताच प्रेक्षक आपापल्या जागी परतले आणि लक्ष देऊन ऐकू लागले. साती त्यांच्यात हिंडून बोला, फिरा, ऐकू नका असे विनवत राहिला, पण कोणी जुमानले नाही. समोर माणूस वाजवू लागला की ऐकण्याची ओढ आपोआप निर्माण होते, हे त्या फसलेल्या प्रयोगातून दिसले. आपल्या कँटीनमध्येही, बोलणाऱ्यांच्या गर्दीत, कोणी तरी ऐकत असतेच. ते आपल्याकडे पाहत नसल्याने आपल्याला दिसत नाहीत इतकेच.

काय वाजवावे हे जागेवर आणि वेळेवर अवलंबून आहे. अर्ध्या तासाच्या सुट्टीत लिफ्टची रांग, जेवण आणि हात धुणे धरले तर ऐकणाऱ्याकडे दहा-पंधरा मिनिटे उरतात. अशा वेळी वीस मिनिटांचा सोनाटा, म्हणजे अनेक भागांची मोठी रचना, घेतला तर लोक अर्ध्यावर उठणारच, आणि दोष त्यांचा नसेल. दोन-तीन मिनिटांच्या रचना घ्या. शोपँ या संगीतकाराच्या 24 प्रिल्यूड्समधल्या, म्हणजे छोट्या पियानोरचनांमधल्या, अनेक रचना दोन मिनिटांच्या आत संपतात, आणि सातवी तर अवघ्या सोळा मात्राखंडांची आहे, एका मिनिटाच्याही आतली. बाखची सी मेजरमधली पहिली प्रिल्यूड, शूमानच्या बालपणावरच्या 13 चित्रांपैकी एखाददुसरे, सातीच्या संथ रचना, हे सारे या वेळेत नेमके बसते. प्रत्येक रचनेनंतर काही क्षण हात मांडीवर ठेवा. ज्यांना उठायचे आहे ते तेव्हा उठतील, आणि ज्यांना बसायचे आहे त्यांना एक संपून दुसरे सुरू होत असल्याचे कळेल. सलग वाजवत राहिल्याने संगीत कोणी सुरू केले आणि कोणी थांबवले हेच कळेनासे होते, आणि मग ते खरोखरच वातानुकूलन यंत्राच्या घरघरीच्या पंक्तीला जाऊन बसते.

आवाजाची एक गोष्ट शिक्षक सहसा सांगत नाहीत, कारण शिकवणी घरात होते. कार्यालयाच्या लॉबीत ग्रॅनाइटची फरशी, काचेच्या भिंती आणि उंच छत असते. तेथे स्वर आधीच रेंगाळतो; त्यात स्वर लांबवणारे उजवे पेडल घरच्यासारखे दाबून धरले तर सगळा चिखल होतो. पेडल निम्म्यावर आणा, डावा हात हलका करा आणि लय किंचित संथ ठेवा. गप्पांवर मात करण्यासाठी जोर लावू नका. आपण जोर लावला की लोकही आवाज चढवतात. हळू वाजवल्यास जवळची दोन टेबले आपोआप शांत होतात, असा अनुभव आहे.

चित्रपटगीतांची फर्माईश आली तर शेवटी एखादे वाजवायला हरकत नाही. एवढे लक्षात असू द्या की, भारतीय कायद्यानुसार संगीतकृतीचे स्वामित्व रचनाकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षांपर्यंत टिकते. कंपनीने जाहीर करून, पाहुणे बोलावून कार्यक्रम केला तर त्यासाठी परवाना लागू शकतो, तेव्हा तो प्रश्न कार्यालयाच्या कायदा विभागाकडे आधीच न्यावा. वर सांगितलेल्या जुन्या रचनांना ही अडचण नाही.

प्रश्न: वांद्रे-कुर्ला संकुलातील आमच्या कंपनीने कर्मचाऱ्यांसाठी एक वापरलेला अपराइट पियानो घेण्याचे ठरवले आहे. प्रशासन विभागाकडून मी हे काम पाहते. वास्तुरचनाकारांनी तो काचेच्या भिंतीलगत, एसीच्या झोताखाली सुचवला आहे, कारण तेथे तो शोभून दिसतो. पियानोची देखभाल किती असते? डिजिटल घेणे सोयीचे पडेल का? (एक वाचक, वांद्रे पूर्व)

उत्तर: खरेदीआधी विचारलेत, फार चांगले केलेत. काचेची भिंत आणि एसीचा झोत, या दोन्ही जागा पियानोला मारक आहेत. पियानोच्या आत सुमारे 230 तारा असतात आणि त्यांचा एकत्रित ताण 15 टनांहून अधिक असतो. हा ताण ओतीव लोखंडाची चौकट पेलते, पण आवाज देते ती मात्र लाकडाची पातळ फळी, जिला साउंडबोर्ड म्हणतात. हे लाकूड हवेतला दमटपणा शोषून फुगते आणि कोरड्या हवेत आकसते. प्रत्येक वेळी तारांचा ताण बदलतो आणि सूर हलतो. पियानोला साधारण 40 ते 50 टक्के सापेक्ष आर्द्रता मानवते. मुंबईत पावसाळ्यात ती 80 टक्क्यांच्या वर जाते, हे आपण सर्वजण अंगावर अनुभवतो.

त्यातही कार्यालयाची अडचण घरापेक्षा मोठी असते. घरात हवा निदान एकसारखी दमट राहते. कार्यालयात दिवसा एसीमुळे हवा कोरडी होते, रात्री आणि शनिवार-रविवारी एसी बंद झाला की पुन्हा दमट होते. नुसत्या दमटपणापेक्षा हे रोजचे हेलकावे अधिक नुकसान करतात. काचेतून येणारे ऊन एका बाजूचे लाकूड तापवते, पॉलिश उडवते आणि सांधे सैल करते. तेव्हा पियानो आतल्या भिंतीला, उन्हापासून आणि झोतापासून दूर ठेवा. अपराइट पियानोचा साउंडबोर्ड मागच्या बाजूला असतो, म्हणून तो भिंतीला अगदी चिकटवू नये, वीतभर अंतर ठेवावे. खाली जाड सतरंजी किंवा गालिचा घातल्यास फरशीवरून उसळणारा आवाज मवाळ होतो. वजन 200 ते 300 किलोच्या घरात असते, त्यामुळे हलवण्याचे काम पियानो हाताळणाऱ्या माणसांकडेच द्या. इमारतीतल्या हमालांनी चाकांवरून ढकलला तर पाय मोडतात.

दमटपणा कमी ठेवण्यासाठी पियानोच्या आत कमी वॅटचा हीटर रॉड बसवून घ्या आणि तो सुट्टीच्या दिवशीही चालू राहील अशी सोय करा. नमद्याला कसर लागते, म्हणून आत डांबराच्या गोळ्या पिशवीत बांधून ठेवतात. वाळवी आणि उंदीर यांच्यासाठी तिमाही तपासणी पुरते. समुद्राच्या खाऱ्या हवेने तारांना गंज चढतो, त्यामुळे वापरलेला पियानो घेताना झाकण उघडून तारा आणि खुंट्या स्वतः पाहा, किंवा जाणकार ट्यूनरला दाखवा. खुंट्या सैल असतील तर सूर टिकत नाही, आणि मग स्वस्तात मिळालेला पियानो फार महाग पडतो. धोबी तलावचे फुर्ताडो हे 1865 पासूनचे दुकान आहे. तेथे चौकशी केल्यास ट्यूनरही मिळतील. पियानो आपल्या जागी आल्यावर लगेच सूर लावू नका. दोन-तीन आठवडे त्याला तेथील हवेत राहू द्या, मग सूर लावा. पुढे वर्षातून किमान दोनदा लावावा लागेल, त्यातली एक खेप पावसाळा ओसरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. हा खर्च वार्षिक अंदाजपत्रकात आजच लिहून ठेवा. बेसूर पियानो हा पियानो नसण्यापेक्षा वाईट, कारण त्यावर शिकलेला माणूस वाजवत नाही आणि इतरांना वाटते की या वाद्याचा आवाज असाच असतो.

ही व्यवस्था सांभाळणे जमणार नसेल, तर चांगला डिजिटल पियानो निःसंकोच घ्या. पूर्ण 88 पट्ट्यांचा, आणि खऱ्या पियानोसारख्या जड दाबाच्या पट्ट्यांचा घ्या. त्याला सूर लावावा लागत नाही, आवाज कमी करता येतो, हेडफोन लावून सरावही करता येतो. तारांचा आणि लाकडाचा आवाज त्यात नाही, हे खरे आहे. पण वाजवणारा माणूस समोर असतो, आणि कार्यालयातल्या पियानोचे बरेचसे सुख त्यातच आहे.

आणि पियानोवर फुलदाणी, चहाचे कप किंवा कंपनीची मानचिन्हे ठेवू देऊ नका.

प्रश्न: आमच्या कार्यालयातील पियानो माझ्या टेबलापासून अगदी जवळ आहे. माझी जेवणाची वेळ वेगळी असल्याने मला तो कामाच्या वेळी ऐकावा लागतो. मला संगीत आवडते, पण आकडेमोड करताना लक्ष विचलित होते. तक्रार केली तर मी अरसिक ठरेन का? (एक वाचक, गोरेगाव)

उत्तर: मुळीच नाही. ज्याला संगीत आवडते त्याचेच लक्ष अधिक वेधले जाते, कारण त्याचा कान चालीमागे जातो. आधी वाजवणाऱ्यांशी बोला, वरिष्ठांकडे नंतर जा. बहुतेक अपराइट पियानोंना मधले पेडल असते. ते दाबून अडकवले की हातोड्या आणि तारा यांच्यामध्ये नमद्याची पट्टी येते आणि आवाज पुष्कळ कमी होतो. तेवढ्याने भागले नाही तर वाजवण्याच्या वेळा आधी जाहीर कराव्यात, म्हणजे आकडेमोडीचे काम आपल्याला मागेपुढे करता येईल. तरीही त्रास राहिला तर पियानो हलवावा. माणसाला जागेवरून उठवू नये.

प्रश्न: मी बावन्न वर्षांची असून फोर्टमधील एका बँकेत काम करते. तरुणपणी पेटी शिकले होते. आमच्या विश्रांतिकक्षात डिजिटल पियानो आहे, पण कोणी वाजवत नाही. जेवणानंतरच्या वेळात मी शिकू शकेन का? आणि आपले राग त्यावर वाजतात का? (एक वाचक, मुलुंड)

उत्तर: पेटी वाजवलेली आहे म्हणजे उजवा हात आधीच पट्ट्या ओळखतो. डाव्या हाताला मात्र आजवर भात्याचेच काम होते, त्यामुळे त्याला पहिलीपासून शिकवावे लागेल, आणि तेथे धीर धरावा लागेल. सुरुवातीला दोन्ही हात वेगवेगळे वाजवा, हेडफोन लावा, आणि आठवड्यातून एकदा तरी शिक्षकांसमोर बसा. मनगट आणि खांदे कसे ठेवावेत हे पुस्तकातून कळत नाही. परीक्षा देण्याची आवश्यकता नाही.

रागांविषयी प्रामाणिक उत्तर असे की, पियानोवर मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकत जाणे) नाही, आंदोलन (स्वर हलकेच झुलवणे) नाही, आणि त्याचे बारा स्वर समान अंतरावर बांधलेले असल्याने त्याचा शुद्ध गंधार तंबोऱ्यात ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा किंचित चढा असतो. दरबारीसारखा राग त्यावर मांडण्याचा हट्ट धरू नये. पण सरळ स्वरांच्या रागांतल्या धुना आणि भावगीतांच्या चाली त्यावर फार सुंदर वाजतात. मुंबईत जन्मलेले व्ही. बालसारा यांनी पियानोवर भारतीय सुरावटी वाजवून मोठा लौकिक मिळवला होता.

पहिल्याच दिवशी आनंद मिळेल असा एक उपाय सांगते. पांढऱ्या पट्ट्यांना हात न लावता फक्त पाच काळ्या पट्ट्या घ्या. काळी तीनला, म्हणजे तीन काळ्या पट्ट्यांच्या गटातल्या पहिलीला, षड्ज मानून चढत गेलात तर भूपाचे स्वर मिळतात. त्याच पट्ट्यांवर काळी एकपासून निघालात तर दुर्गा, काळी दोनपासून धानी, काळी चारपासून मेघाचे स्वर आणि काळी पाचपासून मालकंस. बोटांना चुकीच्या स्वरावर जायला वावच नसतो. त्या वेळी डाव्या हाताने फक्त षड्ज आणि त्याला साजेल तो पंचम किंवा मध्यम संथपणे देत राहा, आणि पेडल प्रत्येक आवर्तनाला एकदा उचला. मालकंसात पंचम वर्ज्य आहे, म्हणून तेथे मध्यमच द्यावा. हे सहज जमू लागले की आपल्याला पाठ असलेल्या एखाद्या भूपातल्या भावगीताची पहिली ओळ उजव्या हाताने शोधा, आणि मगच स्वरलेखन वाचायला शिका.